तीच कमान पुन्हा का मोडते?



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी पुष्कळांना नवल वाटलं असेल. शेतकऱ्यांसाठी आणि शाळामास्तरांसाठी असलेल्या या कार्यक्रमात रिव्हॉल्व्हरची गोष्ट कशासाठी? पेरणी, पाणी, गुरंढोरं, मुलांचा अभ्यास हे सारं सोडून हा माणूस पिस्तुलाच्या कमानीबद्दल काय सांगणार? शंका रास्त आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो की, नेम कसा धरावा किंवा गोळी कशी झाडावी हे शिकवायला मी आलेलो नाही. ते माझं काम नव्हतं. माझं काम मोडलेलं दुरुस्त करण्याचं. एका जिल्ह्याच्या ठिकाणी पोलिसांच्या शस्त्रागारात मी मिस्त्री होतो, आणि उमेदीची वर्षं तिथं कानस नि चिमटा हातात घेऊन काढली.

ज्याच्या घरी काहीही यंत्र आहे, मग ती सायकल असो, कडबाकुट्टी असो की विहिरीवरचा पंप असो, त्याला एक अनुभव आलेलाच असतो. एखादा भाग मोडतो. आपण नवा आणून बसवतो. चार महिन्यांनी तोच भाग, त्याच जागी, पुन्हा मोडतो. मग आपण दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतो, नाहीतर घरच्या गड्याच्या. आणि पुन्हा नवा आणतो. तो तिसऱ्यांदा मोडला म्हणजे काय करावं? आजचं माझं बोलणं या तिसऱ्या वेळेबद्दल आहे. मला ते एका रिव्हॉल्व्हरनं शिकवलं, आणि त्या शिकण्यापायी एका गरीब हवालदाराला जो त्रास झाला तो मी अजून विसरलेलो नाही.

आधी यंत्र थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे पुढचं नीट कळेल.

सॅम्युएल कोल्ट नावाच्या अमेरिकन माणसानं २५ फेब्रुवारी १८३६ रोजी आपल्या देशात फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचं पेटंट घेतलं. नळीच्या मागं एक जाड चक्र, त्या चक्रात पाच-सहा घरं, आणि एकेका घरात एकेक बार. वर घोडा असतो. घोडा मागं ओढला की चक्र बरोबर एक घर पुढं सरकतं आणि नळीच्या रेषेत येऊन थांबतं. मग चाप ओढला की घोडा पडतो आणि बार उडतो.

आता हे चक्र एक घर सरकतं कसं आणि नेमकं थांबतं कसं? ज्यांनी जुना रहाट पाहिला आहे त्यांना हे लगेच समजेल. बैल थांबले तरी पाण्यानं भरलेली माळ उलटी फिरू नये म्हणून एक खिट्टी दात्यांवर टक्‌ टक्‌ पडत असते. रिव्हॉल्व्हरमध्ये असलीच एक छोटी खिट्टी घोड्याला जोडलेली असते. तिला आपण ‘बोट’ म्हणू. घोडा मागं गेला की हे बोट चक्राच्या पाठीवरच्या दात्याला वर ढकलतं आणि चक्र फिरतं. खालच्या बाजूला दुसरा तुकडा असतो, त्याला ‘अडसर’ म्हणू. दाराला अडसर घालतो ना, तसाच. चक्र जागेवर आलं की हा अडसर चक्राच्या खाचेत उडी मारून बसतो आणि चक्र घट्ट धरून ठेवतो. घोडा, चाप, बोट, अडसर या सगळ्यांना जोर देतात त्या कमानी. कमान म्हणजे स्प्रिंग. जुन्या रिव्हॉल्व्हरांत या कमानी पोलादाच्या चपट्या पट्टीच्या असत. कुठे एकेरी पट्टी, कुठे इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडलेली.

इतकं कळलं की पुरे. घड्याळासारखी नाजूक जुळणी आणि घणासारखं दणक्याचं काम, असं हे यंत्र आहे. म्हणूनच त्यात काय मोडतं आणि का मोडतं हे पाहण्यासारखं आहे.

आता माझी गोष्ट. साल १९७८. मी नवा नवा कामाला लागलो होतो. आमच्याकडे इंग्रजांच्या काळातलं एक रिव्हॉल्व्हर होतं. त्याची मुख्य कमान, म्हणजे घोड्याला जोर देणारी, व्हीच्या आकाराची होती. तीस वर्षं त्या कमानीनं तक्रार केली नाही. मग ते रिव्हॉल्व्हर एका ठाण्याच्या हवालदाराच्या ताब्यात गेलं आणि थोड्याच महिन्यांत कमान मोडली. मूळ सुटे भाग मिळायचे बंद झाले होते, म्हणून कारखान्यात पोलादाची पट्टी घेऊन आम्ही नवी कमान घडवली. ती अकरा महिन्यांत मोडली. दुसरी घडवली. ती सात महिन्यांत मोडली.

वरच्या साहेबांचा हिशोब सरळ होता. तीस वर्षं काही झालं नाही. हा माणूस आला आणि तीनदा मोडली. तेव्हा दोष या माणसाचा. पहिल्या मोडतोडीच्या वेळीच हवालदाराच्या सेवापुस्तकात ‘हयगयीने वापर’ असा शेरा पडला होता. आता पगारातून वसुली आणि चौकशी, असं ठरत आलं होतं. मला हुकूम आला की नवी कमान बसव आणि मोडण्याचं कारण वापरातली हयगय असं लिहून दे.

हवालदार रिव्हॉल्व्हर घेऊन आले तेव्हा माझ्या बाकाजवळ बराच वेळ उभे राहिले. पन्नाशीचा माणूस. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा. म्हणाले, “मिस्त्री, मी रोज सकाळी ते पुसतो. कवायतीत रिकामा घोडा ओढतो तेवढाच. कुणाच्या अंगावर उगारलंसुद्धा नाही कधी. तुम्ही लिहाल ते लिहा, पण एकदा बघून लिहा.”

‘एकदा बघून लिहा’, एवढंच ते म्हणाले. मी मान हलवली खरी. पण मनातून मला वाटत होतं की साहेबांचंच बरोबर असावं.

मंडळी, ही गोष्ट इथं थोडी थांबवून मी तुम्हाला दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागं नेतो. कारण मोडणाऱ्या भागांचं हे दुखणं आमच्या शस्त्रागारात जन्मलेलं नव्हतं. ते रिव्हॉल्व्हरच्या जन्मापासूनच त्याच्या मागं लागलेलं आहे, आणि वेगवेगळ्या वेळी त्याची कारणंही वेगवेगळी निघालेली आहेत.

पहिलं उदाहरण १८४७ सालचं. मेक्सिकोशी लढाई चालू असताना कॅप्टन सॅम्युएल वॉकर या अमेरिकन अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून कोल्टनं एक भलंमोठं रिव्हॉल्व्हर बनवलं. सुमारे अकराशे नग झाले. त्याच्या एकेका घरात साठ ग्रेन, म्हणजे सुमारे चार ग्रॅम दारू मावत असे. जोर विलक्षण होता, पण यांतल्या पुष्कळ रिव्हॉल्व्हरांची चक्रं फुटली. त्या काळचं लोखंड एकसारखं शुद्ध नसे, आणि घरात मावते म्हणून लोक तोंडापर्यंत दारू भरत. पुढच्या नमुन्यात कोल्टनं चक्राची लांबी कमी केली आणि त्याबरोबर दारूचं मापही कमी झालं. इथं दुखण्याचं मूळ होतं अतिभार. पाच क्विंटलच्या गाडीत दहा क्विंटल भरले तर आस मोडणारच. आस बदलून काय होणार?

त्याच रिव्हॉल्व्हरची दुसरी खोड आणखी बोलकी आहे. नळीखाली गोळी ठासायचा एक दांडा होता. बार उडाला की धक्क्यानं तो दांडा सुटून खाली पडे, आणि त्याचं टोक चक्रात शिरून चक्रच अडे. लोकांनी काय करावं? दांडा नळीला चामड्याच्या वादीनं बांधून टाकला. आपणही हेच करतो. कुठे सुतळी, कुठे तार, कुठे सायकलच्या ट्यूबचा तुकडा. वेळ भागते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण कोल्टनं पुढच्या नमुन्यांत दांड्याच्या टोकाला चांगली पकड बसवली, आणि वादीची गरजच संपली. वादी बांधणारा आजचा दिवस काढतो. पकड बदलणाऱ्याचं ते दुखणं जातं.

दुसरं उदाहरण १८७३ चं. त्या वर्षी अमेरिकेच्या सैन्यानं कोल्टचं एक नवं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. चित्रपटांत घोडेस्वारांच्या कमरेला जे दिसतं तेच हे. १९४० पर्यंत त्याचे साडेतीन लाखांहून अधिक नग बनले. बांधा मजबूत, हाताला गोड. पण आतल्या कमानी सगळ्या पट्टीच्या. त्यांतली एक पट्टी पुढं दुभंगलेली असते. तिचं एक पाखं चापाला दाबतं, दुसरं अडसराला. ही पाखी मोडत. बोटाच्या पाठीला एक बारीक पट्टी लावलेली असते, ती मोडे. आणि अडसराचं शेपूटही चिरून त्याचे दोन लवचीक पाय केलेले असतात. त्यांतला एक पाय घोड्याच्या उंचवट्यावरून घसरत जातो, तो मोडे. आजही नेमबाजीच्या खेळात या जातीचं रिव्हॉल्व्हर वापरणारी तिकडची माणसं हे तीन भाग सुटे जवळ बाळगतात.

आता नीट पाहा. या साऱ्या जागांमध्ये एक गोष्ट समान आहे. पातळ पोलाद, त्याला एकाच जागी वाक, आणि तो वाक हजारो वेळा व्हायचा. त्यात वापरणाऱ्यानं घोडा हिसडा देऊन ओढला की जड चक्र गरकन फिरतं आणि एकाएकी थांबतं. तो सगळा धक्का बिचाऱ्या अडसरावर येतो. धावता बैल दाव्यानं एकदम अडवला तर खुंटीला जो हिसका बसतो, तोच प्रकार.

पण एक प्रश्न राहतोच. एका वेळचा वाक तर अगदी थोडा असतो. त्या एका वाकानं पट्टी मोडत नाही. मग हजाराव्या वेळी ती का मोडते?

या प्रश्नाचं उत्तर बंदुका बनवणाऱ्यांनी शोधलं नाही. ते आगगाडीवाल्यांनी शोधलं, आणि त्यामागं मोठा घात आहे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकावर एक चढले, आग लागली आणि पन्नासांहून अधिक माणसं जळून मेली. रोज धावणारा, वर वर धडधाकट दिसणारा आस असा अचानक का मोडावा? लोक म्हणत, वापरून वापरून लोखंडाची जातच बदलते, ते आतून खड्यांसारखं होतं. पुढं प्रशियाच्या रेल्वेतले इंजिनियर ऑगस्ट वोलर यांनी १८५० नंतरची कित्येक वर्षं या कामी घालवली. त्यांनी आसांवर पुन्हा पुन्हा भार देऊन, मोजून, लिहून ठेवलं. निष्कर्ष असा निघाला की जो भार एकदा दिला तर लोखंडाला काही होत नाही, तोच भार लाखो वेळा दिला तर लोखंड मोडतं. भार पुरेसा कमी ठेवला तर मात्र लोखंड-पोलाद फार काळ टिकतं. आणि ज्या जागी आकार एकदम बदलतो, तीक्ष्ण कोपरा असतो, तिथं ते लवकर मोडतं.

याला आज धातूचा थकवा म्हणतात. त्याची रीत अशी असते. एखाद्या ओरखड्यापाशी, गंजाच्या खड्ड्यापाशी किंवा कोपऱ्यापाशी केसाहून बारीक तडा पडतो. डोळ्याला तो दिसत नाही. प्रत्येक वाकाबरोबर तो थोडा थोडा आत सरकतो. राहिलेलं पोलाद भार सोसत असतं. शेवटी राहिलेला भाग इतका कमी होतो की एखाद्या दिवशी नेहमीच्याच वापरात तो तट्‌दिशी तुटतो. लोक म्हणतात, ‘आज मोडलं.’ मोडायला सुरुवात कितीतरी महिन्यांपूर्वी झालेली असते. शेवटच्या दिवशी ज्याच्या हातात वस्तू असते, त्याच्या नावावर ते खपतं एवढंच.

शिक्षक मंडळींना माझी एक सूचना आहे. हे मुलांना वर्गात दाखवता येईल. सारख्या जाडीच्या लोखंडी तारेचे दोन तुकडे घ्या. एकाला मधोमध कानशीनं आडवी बारीक खाच पाडा. दुसरा तसाच ठेवा. दोन्ही तुकडे सारखे मागं-पुढं वाकवा आणि किती वाकांत मोडतात ते मुलांकडून मोजून घ्या. खाचेची तार आधी तुटेल, आणि खाचेतच तुटेल. फळ्यावर अर्धा तास लिहून जे समजणार नाही ते पाच मिनिटांत समजेल.

आता माझ्या बाकाकडे परत येऊ.

हवालदार गेल्यावर मी मोडलेली कमान हातात घेतली. आमच्या खात्यात दादा म्हणून एक जुने मिस्त्री होते. त्यांना काहीही टाकून न देण्याची सवय. आधीच्या दोन मोडक्या कमानी त्यांनी एका पत्र्याच्या डबीत ठेवलेल्या होत्या. मी तिन्ही बाकावर ओळीनं मांडल्या. तिन्ही वाकाच्या बाहेरच्या अंगाला मोडल्या होत्या. भिंग घेऊन पाहिलं. तीस वर्षं टिकलेल्या जुन्या कमानीचं अंग आरशासारखं घोटलेलं होतं, आणि घोटण्याच्या बारीक रेषा पट्टीच्या लांबीनं गेलेल्या होत्या. ती मोडली होती ती गंजाच्या एका खड्ड्यापाशी. वयच झालं होतं तिचं. पुढच्या दोन कमानींच्या वाकावर मात्र कानशीचे आडवे ओरखडे होते, आणि मोड बरोबर एका ओरखड्यावरून गेली होती. जसा कागद आधी रेघ ओढून फाडावा, तशी.

मग मोडीचं तोंड पाहिलं. तिन्हींना एका कडेला चंद्रकोरीसारखा काळपट डाग होता आणि बाकीचा भाग ताजा, चकचकीत. काळपट भाग म्हणजे जुना तडा. त्यात हवा आणि तेल शिरलेलं. चकचकीत भाग म्हणजे शेवटच्या दिवशी तुटलेला. सरकारी कागदावर लिहिलेली मोडण्याची तारीख होती एका दिवसाची. कमानीनं स्वतःच्या अंगावर लिहिलेली हकीकत कितीतरी दिवसांची होती.

मंडळी, या पुढच्या दोन कमानी घडवल्या होत्या कोणी? मी.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, गावचे लोहार. लहानपणी भाता ओढता ओढता त्यांनी मला बजावलेलं होतं, “कमानीवर कानस फिरवायची ती तिच्या अंगानं. आडवी फिरवलीस तर तू तिला मोडायची जागा दाखवून देतोस.” आबांनी वोलरसाहेबांचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण बापजाद्यांच्या हाताला जे कळलं होतं ते त्यांच्या तोंडात होतं. आणि मी? सरकारी कारखान्यात लागलो, घाई होती, आडवी कानस मारली की काम लवकर उरकतं. वाकाच्या जागी तर पट्टी उभ्यानं घोटायला बोटं दुखतात. म्हणून मी ती घोटली नाही. पहिली मोडली तेव्हा तिच्याकडे पाहिलंही नाही. तशीच दुसरी घडवली. सात महिन्यांत मोडली तेव्हा हवालदाराकडे बोट दाखवायला तयार झालो.

मी दादांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “पोरा, नोकरी नवी आहे तुझी. नवी कमान नीट घडव आणि गप्प बस. लिहायचं कशाला?” त्यांच्या बोलण्यात माया होती, आणि मला ते पटतही होतं. रात्रभर मी विचार केला. कमान नीट घडवली असती तर पुढं मोडली नसती हे खरं. पण त्या माणसाच्या पगारातून वसुली झालीच असती, आणि ‘हयगय’ हा शब्द माझ्या सहीनं पक्का झाला असता. सकाळी मी लिहिलं, ‘कमान घडविण्यात दोष. वाकावर आडवे ओरखडे राहिल्याने तडा गेला. दोन्ही कमानी मी घडविल्या आहेत.’

साहेबांनी कागद दोन दिवस ठेवून घेतला. मग वसुली रद्द झाली, चौकशीही मिटली. मला लेखी ताकीद मिळाली, ती योग्यच होती. पण पहिल्या वेळचा सेवापुस्तकातला शेरा काही पुसला गेला नाही. हवालदारांनी अर्ज केला, मीही तोंडी सांगून पाहिलं. ‘झालं गेलं’ असं उत्तर आलं. ते त्या शेऱ्यासकट निवृत्त झाले. जाताना माझ्या बाकाशी येऊन म्हणाले, “तुम्ही बघून लिहिलंत, तेवढं पुष्कळ झालं.” मला मात्र ते पुष्कळ वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तिसरी कमान मी आबांच्या रीतीनं केली. कोपरे गोल केले, पाणी बेतानं दिलं, अंगानं घोटली, वाकावर एक रेघ राहू दिली नाही. मी तिथून बदलून जाईपर्यंत, म्हणजे सहा वर्षं, ती चालली.

आता कोणी विचारील, की मग दरवेळी भाग नीट घडवला म्हणजे झालं का? नाही. कधी भाग निर्दोष असतो आणि रचनाच बदलावी लागते. याचंही उदाहरण रिव्हॉल्व्हरमध्येच आहे. १९४९ साली अमेरिकेत विल्यम रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी एक कारखाना काढला. १९५३ मध्ये त्यांनी जुन्या कोल्टच्या घाटाचं एक लहान रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. बाहेरून पाहाल तर तोच घाट. आत मात्र पट्टीच्या कमानी काढून त्यांनी तारेच्या वेटोळ्याच्या कमानी घातल्या. पट्टी एका जागी वाकते, तिथं सारा ताण गोळा होतो. वेटोळ्यात तार सबंध लांबीभर थोडी थोडी पिळली जाते, ताण सगळीकडे वाटला जातो. दहा जणांनी मिळून ओझं उचलावं तसं. जिथं ऐंशी वर्षं कमानी मोडत आल्या होत्या, तिथली ती तक्रार रचना बदलून पार कमी झाली. १९५६ मध्ये कोल्टनंही आपलं जुनं रिव्हॉल्व्हर पुन्हा काढलं, पण जुन्याच पट्टीच्या कमानींसह, कारण जुन्या घाटावर प्रेम करणारी गिऱ्हाइकं होतीच. जुनी वस्तू हवी असेल तर तिचं दुखणंही सांभाळावं लागतं, एवढं समजून ती घेतली तर त्यात वावगं नाही.

याच्या उलटही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही भाग मोडण्यासाठीच केलेले असतात. ट्रॅक्टरला रोटावेटर जोडणाऱ्या दांड्यात पुष्कळदा एक मऊ बोल्ट असतो. पात्यात दगड अडकला की हा बोल्ट तुटतो आणि गिअरचा डबा वाचतो. दोनदा तुटला म्हणून वैतागून कोणी तिथं कडक पोलादाचा बोल्ट घालतो. बोल्ट मग तुटत नाही, गिअर तुटतात. पाच-पन्नास रुपयांच्या जागी हजारोंचा खर्च. तेव्हा भाग मजबूत करण्याआधी विचारावं की हा कशासाठी ठेवला आहे.

तर मग, तिसऱ्यांदा मोडलं म्हणजे काय करावं? मी माझ्यापुरते काही प्रश्न ठरवून ठेवले आहेत, ते सांगतो.

पहिला, मोडकी जागा कुठली? प्रत्येक वेळी तीच आहे का? तीच असेल तर तो योगायोग नाही. म्हणून मोडके तुकडे फेकू नका. दादांच्या डबीसारखी एक डबी घरात ठेवा आणि तुकड्याबरोबर तारखेची चिठ्ठी.

दुसरा, मोडीचं तोंड कसं आहे? सगळं ताजं चकचकीत असेल तर एकाएकी बसलेला दणका किंवा अतिभार, असा संशय घ्यावा. एका कडेला जुनाट, काळं आणि बाकी ताजं असेल तर तडा आधीचा.

तिसरा, तिथं ओरखडा, कोपरा, भोक किंवा गंज आहे का?

चौथा, त्या भागावर भार येतो कुठून? शेजारचा भाग झिजून किंवा वाकून याच्यावर जास्तीचं ओझं टाकतो आहे का? पंपाचा पट्टा वारंवार तुटत असेल तर दोन चाकं एका रेषेत आहेत का ते बघावं. पट्टा बिचारा निरपराध असतो.

पाचवा, आधी टिकत होता आणि आता टिकत नाही, तर मधल्या काळात काय काय बदललं? साहेबांनी एवढंच धरलं की माणूस बदलला. कमानही बदलली होती, हे कोणी धरलं नाही. मीसुद्धा नाही.

आणि हे सगळे प्रश्न विचारून झाल्यावर शेवटी वापरणाऱ्याकडे पाहावं. हयगय होत नाही असं माझं म्हणणं नाही. होते. पण ती सिद्ध करावी लागते, धरून चालता येत नाही.

बंदुकीबद्दल एक खुलासा केल्यावाचून मला हे भाषण संपवता येणार नाही. पीकरक्षणासाठी किंवा स्वसंरक्षणासाठी परवान्याचं हत्यार ज्यांच्या घरी आहे, त्यांनी माझं ऐकून ते घरी उघडून बसू नये. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे हत्यारांच्या दुरुस्तीचा धंदा करायलाही वेगळा परवाना लागतो. तेव्हा हत्यार परवानाधारक कारागिराकडेच न्यावं. बिघडलेलं हत्यार आधी जाणकाराकडून रिकामं करून घ्यावं, आणि त्यावर ‘एकदा चालवून बघू’ असा प्रयोग करू नये. ज्याचा अडसर नीट बसत नाही त्याचं घर नळीच्या रेषेत येईलच असं नाही, आणि मग घात चालवणाऱ्याचाच होतो. कारागिराला मात्र माझे हे प्रश्न जरूर विचारा. चांगला कारागीर रागावणार नाही.

शिक्षकांना जाता जाता एवढंच सांगतो. वर्गात एखादा मुलगा त्याच उदाहरणात, त्याच पायरीला, पुन्हा पुन्हा चुकतो. आपण म्हणतो, लक्ष नाही, हयगय करतो. असेलही. पण एकदा त्याच्या जुन्या वह्या ओळीनं मांडून बघावं. तीच जागा असेल तर आधीच्या कुठल्या तरी इयत्तेत एक आडवा ओरखडा राहून गेलेला असतो. कदाचित तो आपल्याच हातून राहिलेला असतो.

मी म्हातारा झालो. कानस आता हातात धरवत नाही. पण घरातलं काही मोडलं की नातवंडं तुकडा माझ्याकडे आणून देतात, आणि मी चष्मा पुसून मोडीचं तोंड बघतो. कुणाच्या हातून मोडलं, हे मी शेवटी विचारतो.